ह्युमिडॉरसाठी पाणी: कोणतं घालायचं, किती घालायचं आणि कधी घालायचंच नाही

ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठेवायची लाकडी पेटी. तिच्या झाकणाला आतून एक छोटी जाळीदार डबी असते. डबीतला स्पंज पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू वाफेच्या रूपात सोडतो. त्यावर पेटीतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर राहते. या हवेत तंबाखूचं पान लवचिक राहतं आणि सिगार एकसारखा जळतो. आर्द्रता फार उतरली की वरचं पान तडकतं, फार चढली की सिगार ओढताना दम लागतो आणि पुढे बुरशी येते.

पाण्याबद्दलच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. डबीतून बाहेर पडते ती नुसती वाफ. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, मीठ यातलं काहीच तिच्याबरोबर जात नाही, सगळं स्पंजातच उरतं. म्हणून ह्युमिडॉरचं पाणी पिण्याला चांगलं आहे का हे बघू नका. सुकल्यावर ते मागे काय ठेवतं, ते बघा.

हे घरी तपासता येतं. स्वच्छ आरशाच्या तुकड्यावर नळाच्या पाण्याचा एक थेंब आणि शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब ठेवा, न पुसता सुकू द्या. नळाच्या थेंबाच्या जागी पांढरट कडं उमटतं, बोअरचं पाणी असेल तर ते नखाला खरखरीत लागतं. डिस्टिल्डच्या जागी काही दिसायला नको. दिसलं, तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, ते पाणी डबीत घालू नका.

आता थोडा हिशेब. पंचवीस सिगारच्या पेटीतल्या डबीला एका वेळी साधारण २० मिली पाणी लागतं. पंधरा दिवसांनी एकदा भरलं तर वर्षाला अर्धा लिटर. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ६०० असेल, म्हणजे लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार, तर वर्षभरात ३०० मिलिग्रॅम क्षार त्या काडेपेटीएवढ्या स्पंजात साठतात. चिमूटभर मीठच ते. पण ते बसतं स्पंजाच्या बाहेरच्या थरातल्या बारीक छिद्रांत, कारण पाणी उडतं तिथूनच. गीझरच्या कॉइलवर जसा थर धरतो तसंच हे, फक्त सावकाश.

मग होतं असं. स्पंज आतून ओला, पण वरून बुजलेला. हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता दाखवणारा काटा, ६० दाखवतो, म्हणून आणखी पाणी घातलं जातं. स्पंजाची जागा संपलेली असते, डबी गळते आणि थेंब थेट सिगारवर पडतो. त्या जागी पानावर गडद डाग येतो आणि पान फुगून शिवणीला उकलतं. दोष पेटीला दिला जातो, पण मूळ असतं पाण्यात.

मुंबईचं पाणी तलावांचं, त्यात क्षार कमी. तिथे थर धरायला वेळ लागतो, पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बंद पेटीत कोंडून त्याचा वास तंबाखूला लागतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, मात्र बहुतेक क्षार तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने दाट होतात. बाटलीबंद मिनरल वॉटरचं नावच सगळं सांगतं. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं, पण चवीसाठी बहुतेक यंत्रं त्यात थोडे क्षार परत मिसळतात. अडचणीच्या वेळी एकदा चालेल, नेहमीसाठी नाही.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी डिस्टिल्डच असतं असा समज फार पसरलेला आहे. ते वाफेपासून झालेलं असतं हे खरं. पण धूळ आणि शेवाळ बसलेल्या पत्र्यावरून ओघळत येताना ते बुरशीचे बीजाणू बरोबर आणतं. ते बादलीत धरून फरशी पुसा, पेटीत घालू नका. पावसाच्या पाण्याचंही तेच.

तर घ्यायचं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी. मेडिकलमध्ये किंवा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ते सीलबंद मिळतं. अर्धा किंवा एक लिटरची बाटलीच घ्या. झाकण उघडलं की हवेतले जंतू आत जातात आणि क्षार नसले तरी पाणी शिळं होतंच. उघडलेली बाटली घट्ट बंद करून कपाटात ठेवा, दीड-दोन महिन्यांत संपवा किंवा उरलेलं इस्त्रीत घाला. टीडीएस मीटर असेल तर आकडा ५ च्या आत हवा. पण हा मीटर फक्त क्षार मोजतो, जंतू त्याला कळत नाहीत.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी चालेल का? कारखान्यातून सीलबंद आलेलं आणि त्यावर बॅटरीच्या पाण्याचा मानक क्रमांक आयएस १०६९ असेल, तर क्षारांच्या दृष्टीने चालेल. सुटं, दुकानदाराने मोठ्या कॅनमधून ओतून दिलेलं मात्र कधीच घेऊ नका. त्या कॅनमध्ये आधी अ‍ॅसिड होतं की नव्हतं, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

भरण्याची रीत: डबी पेटीतून काढा. सुई नसलेल्या नव्या २० मिलीच्या सिरिंजने जाळीतून हळूहळू पाणी सोडा. वर पाणी तरंगायला लागलं की थांबा. डबी जाळीच्या बाजूने कागदी रुमालावर पालथी घालून अर्धा तास ठेवा, बाहेरून कोरडी पुसा, एकदा झटकून बघा. एकही थेंब पडत नसेल तरच परत लावा. सिरिंज दुसऱ्या कशाला वापरू नका, आणि तिच्यात उरलेलं पाणी बाटलीत परत ओतू नका.

स्पंज किंवा हिरवा फोम असलेल्या डबीत पहिल्या वेळी डिस्टिल्ड वॉटर आणि प्रोपिलीन ग्लायकॉल (ओलावा धरून ठेवणारा द्रव) निम्मं-निम्मं घातलेलं उत्तम. हे मिश्रण ७० टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं आणि बुरशीला वाढू देत नाही. इथेही तोच नियम लागू होतो: पाणी उडतं, ग्लायकॉल जवळपास सगळं मागे राहतं. म्हणून नंतर भर घालायची ती नुसत्या डिस्टिल्डची. दर वेळी मिश्रणच घातलं तर स्पंज ग्लायकॉलने भरतो, चिकट होतो आणि वाफ सोडेनासा होतो. चार-सहा महिन्यांनी एकदा मिश्रण पुरे. जेलच्या दाण्यांच्या बरणीत ग्लायकॉल घालू नका, दाणे पाणी धरेनासे होतात. ग्लायकॉल औषधी दर्जाचं घ्या. गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते इथिलीन ग्लायकॉल, आणि ते विष आहे.

मोठ्या कपाटात अल्ट्रासॉनिक यंत्र बसवलं असेल तर वरचा वाफेचा नियम मोडतो. ते पाण्याची वाफ करत नाही, बारीक तुषार उडवतं, आणि तुषारात क्षारही असतात. नळाचं पाणी घातलं तर आठवड्याभरात सिगारवर पांढरी भुकटी बसते आणि ती बुरशीच वाटते. तिथे फक्त डिस्टिल्ड, ग्लायकॉलही नको.

नवी पेटी आधी मुरवावी लागते. आतलं लाकूड स्पॅनिश सीडर असतं. नाव सीडर असलं तरी ते देवदार नव्हे, महोगनीच्या कुळातलं झाड आहे. कोरडं लाकूड सिगारमधलाच ओलावा ओढून घेतं. छोट्या वाटीत ४० मिली डिस्टिल्ड वॉटर घेऊन ती बशीत ठेवून पेटीत ठेवा आणि झाकण बंद करा. पाणी संपत आलं की भरा. कोकणात चार दिवस लागतील, विदर्भात दहाही लागतील. दिवस मोजू नका. वाटी काढून घेतल्यावरही काटा पूर्ण एक दिवस ६८-७० वर टिकला की पेटी तयार. ओल्या फडक्याने आतून लाकूड पुसण्याची घाई करू नका, फळी वाकते आणि झाकण नीट बसत नाही.

काटा खरा आहे का, हेही तपासा. बाटलीच्या झाकणात एक चमचा मीठ घ्या आणि थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. हायग्रोमीटरसोबत ते हवाबंद पिशवीत आठ तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता होते. काटा ७१ दाखवत असेल तर तुमच्या ६६ चा अर्थ ७० आहे.

पावसाळ्यात मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे बाहेरची हवाच ८०-९० टक्के असते. साधा स्पंज पाणी देऊ शकतो, ओढून घेऊ शकत नाही. जूनमध्ये डबी काढून सुकवा आणि ६५ टक्क्यांची दुतर्फा पाकिटं ठेवा. त्यांतलं क्षाराचं द्रावण जास्तीचा ओलावा शोषतं आणि कमी पडला तर सोडतं. पाकीट आणि ओला स्पंज एकत्र ठेवू नका, एक देतो ते दुसरं ओढत बसतं. पाकीट हाताला कडक लागलं की बदला. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात याच्या अगदी उलट, तिथे डबी दर आठवड्याला बघा.

तापमान २१ अंशांच्या आसपास ठेवता आलं तर उत्तम. २४ च्या वर गेलं की तंबाखूतल्या भुंग्याची अंडी उबायला लागतात. सांगलीच्या गोदामात हळदीला लागतो तोच हा भुंगा. पाणी कितीही चांगलं असलं तरी त्याला अडवत नाही.

स्पंजाला आंबूस वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर धुवत बसू नका, फेकून द्या. डबीतले क्षार व्हिनेगरने निघतात, पण त्याचा वास महिनाभर जात नाही, आम्ही तो मार्ग सुचवत नाही. नवा स्पंज घ्यायला दुकानात येताना डबीची आतली लांबी, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये लिहून आणा. स्पंज डबीपेक्षा दोन मिलिमीटर लहान कापावा लागतो, कारण भिजल्यावर तो फुगतो आणि घट्ट बसला तर जाळीतून पाणी बाहेर दाबतो.