उघडा एअर फिल्टर आणि इंजिनाचा ‘मोकळा श्वास’

‘कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून बाहेरचा उघडा फिल्टर बसवा, इंजिन मोकळा श्वास घेईल, ॲव्हरेज वाढेल’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटतो सहज, कारण उपमा आपल्याच नाकाची आहे.

पण रोजच्या चालवण्यात पेट्रोल इंजिनाची हवा फिल्टर अडवत नाही; अडवते ती थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडमिट होणारी झडप, आणि तिचा ताबा आपल्याच पायाखाली असतो. शिवाय जेवढी हवा आत जाते, तेवढ्या हिशोबानेच पेट्रोल सोडलं जातं: वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग. मग बचत कुठून होणार? उलट बॉनेटखालची तापलेली हवा विरळ, म्हणून ताकद थोडी घटूही शकते.

आपल्या कोकणात खरी भीती जांभ्याच्या तांबड्या धुळीची. फिल्टरची कड नीट बसली नसेल तर ती पिठासारखी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन भिंती घासते. फिल्टर काढा, इंजिनाकडच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. तांबडं निघालं, तर जुना डबा परत बसवा (भंगारात दिला नसेल तर!).

ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजा, जाऊन-येऊन. परशुराम घाट नुसता उतरून काढलेला आकडा कामाचा नाही.

पावसात खाली बसवलेला फिल्टर रस्त्यावरचं पाणी ओढतो. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल (स्टार्टर) मारू नका. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिककडून आधी स्पार्क प्लग काढून घ्या.