दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो, तरी गाडी का बिघडते?

आमच्या गॅरेजमध्ये जुन्या, व्हिंटेज गाड्या घेऊन येणाऱ्या इतक्या जणांनी हा प्रश्न विचारला, की शेवटी उत्तर छापूनच टाकलं. 'तरी' नव्हे, 'म्हणूनच' बिघडते.

(जुन्या गाड्यांच्या ब्रिटिश क्लबांची काटेकोर व्याख्या घेतली तर व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930 सालातल्या गाड्या. पण आपली साठीतली छोटी गाडी कुणी व्हिंटेज म्हणत असेल तर आमची हरकत नाही.)

गार इंजिन चोक ओढून (म्हणजे आत जाणारी हवा कमी करून) सुरू केलं की पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. शिवाय पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एका लिटरमागे जवळपास एक लिटर. इंजिन नीट तापलं तर त्याची वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत बंद केलंत तर बरंचसं आतच राहतं. सायलेन्सर आतून गंजतो तो याच पाण्याने. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढुरका थर दिसला की काहीजण घाबरून फोन करतात. दर वेळी हेड गॅस्केटच (इंजिनच्या माथ्याखालचं सील) गेलेलं असतं असं नाही. बऱ्याचदा ती रविवारची पाच मिनिटं असतात. 1959च्या मिनीसारख्या गाडीत तर गिअरबॉक्सही इंजिनच्याच ऑइलवर चालतो. म्हणजे नुकसान दोन्हीकडे.

आणि बॅटरी? जुना डायनामो आयडलिंगला, म्हणजे इंजिन जागेवरच हळू चालू असताना, जवळजवळ चार्ज करतच नाही. सेल्फ मारताना गेलेला करंट भरून येत नाही, दर रविवारी थोडा थोडा कमीच होतो.

तेव्हा गाडी काढायचीच तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा. ते जमणार नसेल तर चावीला हात लावू नका. बॅटरीची वायर काढून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.

कित्येक महिने उभी असलेली गाडी आली की आम्ही पहिल्याच दिवशी सेल्फ मारत नाही. 'नुसती सुरू तरी करून बघा' म्हणून लोक वैतागतात. पण आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, इंजिन हाताने फिरवायचं, शिळं पेट्रोल काढून कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (त्यातली पेट्रोल साठायची वाटी) साफ करायचा. ब्रेक त्याहून आधी. गाडी सुरू होण्यापूर्वी ती थांबते का हे बघितलेलं बरं! याला वेळ लागतो आणि तो बिलातही दिसतो, हे कबूल.

हे सगळं टाळायचं असेल तर गाडी उभी करण्यापूर्वीच एकदा आणा. ऑइल आणि फिल्टर बदलून, ब्रेक ऑइल तपासून, बॅटरी उतरवून देतो. हवं तर बॅटरी आमच्याकडेच चार्जिंगला ठेवू. मात्र गाडी ओढून नको, चालवत आणा. ऑइल गरम असलं की तळाचा गाळही त्याच्याबरोबर निघतो.