रस्त्यालगतची कुंपणे आणि नियोजन परवानगी (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये घराभोवती भिंत, कुंपण किंवा फाटक उभारायला बहुतेक वेळा स्वतंत्र नियोजन परवानगी काढावी लागत नाही. उंची २ मीटरच्या आत असली की झाले. वाहनांच्या रस्त्यालगत मात्र ही मुभा १ मीटरवर येते आणि इथेच वाद सुरू होतात. हे वाद शेजाऱ्यांमधल्या हद्दीच्या भांडणांहून वेगळे आहेत. जमीन घरमालकाचीच असते. तिच्यावर एवढे उंच कुंपण चालेल का, हे स्थानिक कौन्सिल ठरवते.

१९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने जवळपास प्रत्येक बांधकाम परवानगीच्या कक्षेत आणले आणि किरकोळ कामांना आदेशाद्वारे सरसकट मोकळीक देण्याची सोय ठेवली. सध्या लागू असलेला आदेश २०१५ चा आहे. सूचीबद्ध वारसा इमारतीच्या आवारात ही मोकळीक मिळत नाही. दर्शनी अंगण उघडे ठेवायचे, अशा अटीवर मंजूर झालेल्या वसाहतींत ती मूळ परवानगीतच काढून घेतलेली असू शकते, आणि घर विकत घेणाऱ्याला पुष्कळदा याचा पत्ताच नसतो.

सर्वाधिक अडचण कोपऱ्यावरच्या घरांची होते. अशा घराची मागची बाग बाजूच्या रस्त्याला भिडलेली असते. मुलांना खेळायला आडोसा हवा म्हणून मालक बाजारात सहज मिळणारी, साधारण १.८ मीटर उंचीची लाकडी फळ्यांची तयार कुंपणे बसवतो. दोन घरांच्या मधे हेच कुंपण नियमात बसते, रस्त्याच्या कडेला ते नियमबाह्य ठरते. भिंत १ मीटरची ठेवून वर लाकडी जाळी चढवली तरी सुटका नाही, कारण सगळी उंची एकत्र मोजली जाते. झुडपांची वई मात्र बांधकामात मोडत नाही; ती वाढवायला परवानगी लागत नाही.

कुंपण थोडे आत घेतले तर ते ‘रस्त्यालगत’ राहते का? आदेशात यासाठी अंतराचा आकडा नाही. कुंपण रस्त्याला चिकटलेलेच असावे असे नाही. मधे किती जागा सुटली आहे, ती कशी दिसते आणि ते कुंपण रस्त्याची हद्द दाखवते का, हे प्रत्येक प्रकरणात पाहावे लागते. माझ्या मते सामान्य घरमालकावर हा अन्याय आहे. जो नियम टेप घेऊन पाळता आला पाहिजे, त्यासाठी त्याला अपील ऐकणाऱ्या नियोजन निरीक्षकाच्या मताची वाट पाहावी लागते.

मर्यादा ओलांडली म्हणजे परवानगी नाकारली जाईलच असे नाही. काम झाल्यावरही अर्ज करता येतो. निर्णय मुख्यतः दोन गोष्टींवर होतो. पहिली सुरक्षितता: गाडी बाहेर काढणाऱ्याला पादचारी आणि येणारी वाहने वेळेत दिसली पाहिजेत. ताशी ३० मैल वेगमर्यादेच्या रस्त्यावर प्रवेशाच्या तोंडापासून २.४ मीटर मागे उभे राहून ४३ मीटरपर्यंत दिसावे, असे २००७ च्या रस्तेरचना मार्गदर्शिकेतले माप आहे. दुसरी गोष्ट परिसराचे रूप. सगळ्या गल्लीत बुटक्या भिंती आणि हिरवळ असताना मधेच फळ्यांची सलग भिंत आली की गल्ली कोंदट वाटते. कुंपण मागे घेऊन पुढच्या पट्टीत झाडे लावणे ही तडजोड पुष्कळदा मान्य होते, आणि ती खरोखर चांगली आहे: आडोसा टिकतो, रस्त्याची शोभाही जात नाही.

अर्ज फेटाळला गेल्यास घरमालकाला सहसा १२ आठवड्यांत नियोजन निरीक्षणालयाकडे, म्हणजे अशी अपिले ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील करता येते. कारवाई करणे इष्ट आहे का, हे कौन्सिलने स्वतः ठरवायचे असते. दर उल्लंघनावर नोटीस काढायला ती बांधील नाही. नोटीस निघाली तर ती अंमलात येण्यापूर्वीच अपील दाखल करावे लागते. अंमलात आलेली नोटीस न पाळणे हा गुन्हा आहे, आणि कौन्सिल स्वतः कुंपण उतरवून खर्च वसूल करू शकते. कारवाईची मुदत पूर्वी काम पुरे झाल्यापासून ४ वर्षे होती. २५ एप्रिल २०२४ पासून ती १० वर्षे झाली. त्याआधी बऱ्याच अंशी पुऱ्या झालेल्या कामांना जुनीच मुदत लागू राहते.