स्तनांचा आकार कमी करताना सर्जन काय जपतात

स्तनांचा आकार शरीराच्या ठेवणीच्या मानाने फार मोठा असला, की त्यांचे वजन मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांना दिवसभर पेलावे लागते. ब्राच्या पट्ट्या रुतून खांद्यांवर कायमचे खोलगट वळ उमटतात. स्तनांखालच्या घडीत घाम साचून त्वचा सोलवटते आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तिथे बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत राहतो. मानदुखीच्या जोडीला डोकेदुखी असते, काही जणींच्या बोटांना मुंग्या येतात, आणि खांदे पुढे झुकवून चालण्याची सवय शाळेच्या वयापासूनच लागलेली असते. इतके सगळे सोसूनही ही तक्रार घरात सहसा कोणी उच्चारत नाही आणि उच्चारलीच, तर ‘वजन कमी कर’ किंवा ‘सैल कपडे घाल’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. हा शारीरिक त्रास आहे, त्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहे आणि त्याची माहिती मागण्यात संकोच वाटावा असे काहीही नाही, हे प्रथमच स्पष्ट म्हटले पाहिजे.

स्तन हा दुग्धग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतुमय धागे यांचा बनलेला असतो. या तिन्हींचे प्रमाण प्रत्येक स्त्रीत वेगळे असते आणि एकाच स्त्रीत वयानुसार बदलते. तरुण वयात ग्रंथींचा वाटा अधिक असतो, तर रजोनिवृत्तीनंतर चरबीचा वाटा वाढतो. वयात येताना किंवा गरोदरपणात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांना स्तनातील ऊतींनी अवाजवी प्रतिसाद दिला, तर वाढ मर्यादेबाहेर जाते. आनुवंशिकता आणि लठ्ठपणा हीदेखील कारणे आहेत. वजन उतरवल्यावर स्तनांतील चरबीचा भाग काहीसा आटतो, ग्रंथींचा भाग मात्र फारसा हटत नाही. त्यामुळे सडपातळ बांध्याच्या मुलीला हा त्रास असेल, तर आहार आणि व्यायामाचा सल्ला तिच्या कामाचा नसतो. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात विशेष ब्रा, फिजिओथेरपी, वेदनाशामक औषधे आणि वजन कमी करणे यांची शस्त्रक्रियेशी तुलना केली गेली. त्यात शस्त्रक्रियेविना केलेल्या उपायांनी टिकाऊ आराम मिळाल्याचे दिसले नाही, शस्त्रक्रियेनंतर मात्र वेदना लक्षणीयरीत्या कमी झाल्या.

या शस्त्रक्रियेत जादा ऊती आणि त्वचा काढणे हे तुलनेने सोपे काम आहे. अवघड असते ते स्तनाग्र. मोठ्या स्तनात ते खूप खाली उतरलेले असते, त्याला काही इंच वर आणून बसवायचे असते आणि या प्रवासात त्याचा रक्तपुरवठा एक क्षणही तुटू द्यायचा नसतो. छातीच्या मध्यरेषेकडून, काखेच्या बाजूने आणि बरगड्यांमधून आलेल्या रक्तवाहिन्या स्तनाला रक्त पुरवतात, तर स्तनाग्राची संवेदना मुख्यतः चौथ्या बरगडीखालून येणाऱ्या मज्जातंतूच्या शाखेवर अवलंबून असते. शिकागोचे सर्जन मॅक्स थोरेक यांनी १९२२ साली स्तनाग्र पूर्ण सुटे करून त्वचारोपणाप्रमाणे नव्या जागी लावण्याची पद्धत मांडली. तिच्यात स्तनाग्र वाचत असले, तरी संवेदना बहुतांशी जाते आणि दूध येण्याची शक्यता उरत नाही. म्हणून पुढच्या पिढ्यांतील सर्जनांनी स्तनाग्राला स्तनाच्याच ऊतीच्या एका जिवंत देठावर ठेवून सरकवण्याचे मार्ग शोधले. हा देठ खालून, वरून किंवा मध्यरेषेच्या बाजूने राखता येतो. कोणता राखायचा हे स्तनाचा आकार, स्तनाग्र किती वर न्यायचे आहे ते अंतर आणि सर्जनचा हातखंडा यांवर ठरते. थोरेक यांची पद्धत आजही फार प्रचंड स्तनांसाठी किंवा रक्तपुरवठ्याचा धोका मोठा असलेल्या रुग्णांसाठी वापरली जाते, आणि ती वापरावी लागेल का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यासारखा आहे.

त्वचा कुठे कापायची याची आखणी हा दुसरा प्रश्न. १९५६ साली रॉबर्ट वाइज या अमेरिकी सर्जनने ब्राच्या कापडाच्या बेतणीचा आधार घेऊन एक आराखडा तयार केला, कारण सपाट त्वचेतून घुमटाकार आकार साधण्याचा प्रश्न शिंप्यांनी आधीच सोडवलेला होता. तो आराखडा आजही जगभर वापरला जातो. त्यात व्रण तीन ठिकाणी राहतात: स्तनमंडलाभोवती, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने, गोल, तिथून खाली सरळ आणि स्तनाखालच्या घडीत आडवा. मध्यम आकाराच्या स्तनांत आडवा छेद टाळून फक्त गोल आणि उभ्या व्रणावर भागते. केवळ चरबी शोषून घेण्याची पद्धतही आहे. तिच्यात व्रण अगदी लहान राहतात, पण लोंबलेली त्वचा तशीच राहते, म्हणून तिचा उपयोग मोजक्याच जणींना होतो.

पहिल्या भेटीत प्लास्टिक सर्जन बरेच प्रश्न विचारतात आणि त्यातील एकही वायफळ नसतो. स्तनांची वाढ थांबली आहे का, गेल्या काही महिन्यांत वजन स्थिर आहे का, पुढे मूल हवे आहे का, घरात आई, मावशी किंवा बहिणीला स्तनांचा कर्करोग झाला होता का, यावर शस्त्रक्रियेची वेळ आणि पद्धत ठरते. साधारणपणे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबतात, मात्र त्रास असह्य असेल आणि वाढ स्थिरावली असेल, तर त्याआधीही विचार होऊ शकतो. चाळिशीच्या पुढच्या स्त्रीला आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करून घेण्यास सांगतात, तर कमी वयात गरजेनुसार सोनोग्राफी पुरते. रक्तातील हिमोग्लोबिन आणि साखर तपासणे आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिन आणि घरगुती किंवा आयुर्वेदिक काढे चालू असतील, तर तेही सांगावेत. कोणते कधी थांबवायचे ते डॉक्टरच ठरवतील.

तंबाखूबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ‘धूम्रपान करता का’ या प्रश्नाला बहुतेक मराठी स्त्रिया प्रामाणिकपणे नाही म्हणतात, पण त्यांतल्या काही जणी रोज सकाळी मशेरी लावतात आणि ती त्यांना तंबाखू वाटतच नाही. मशेरीतील निकोटिन हिरड्यांतून रक्तात शिरते आणि बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. ज्या देठावर स्तनाग्र जिवंत राहायचे आहे, त्याच देठातल्या या वाहिन्या असतात. त्यामुळे सिगारेट, मशेरी, गुटखा, तपकीर यांपैकी काहीही शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद करावे लागते आणि जखमा भरेपर्यंत बंदच ठेवावे लागते. याबाबत डॉक्टरांपासून काही लपवले, तर त्याची किंमत स्वतःच्या त्वचेने मोजावी लागते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल देण्यापूर्वी सर्जन रुग्णाला उभे करून किंवा बसवून छातीवर पेनाने आखणी करतात, कारण झोपल्यावर स्तन बाजूला पसरतात आणि सगळी मापे चुकतात. स्तनाग्राची नवी जागा साधारणपणे स्तनाखालच्या घडीच्या पातळीवर ठरवली जाते आणि ती चुकून जास्त वर जाऊ नये याची फार काळजी घेतली जाते, कारण वर गेलेले स्तनाग्र नंतर खाली आणणे अत्यंत कठीण असते. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि तिला बहुधा दोन ते चार तास लागतात. मध्येच टेबल उचलून रुग्णाला बसत्या स्थितीत आणतात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते पाहतात. काढलेल्या ऊतींचे प्रत्येक बाजूचे वजन वेगळे नोंदवले जाते आणि एका बाजूने अर्धा किलो किंवा त्याहून अधिक ऊती निघणे असामान्य नाही. त्या ऊती पॅथॉलॉजिस्टकडे तपासणीसाठी जातात. क्वचित कधी आधीच्या तपासण्यांत न दिसलेला कर्करोग तिथे सापडतो, म्हणून हा अहवाल हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा.

पुष्कळ रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. काही सर्जन साचणारे द्रव बाहेर काढण्यासाठी नळी ठेवतात, पण तिच्यामुळे गुंतागुंत कमी होते असे अभ्यासांत दिसलेले नाही, म्हणून नळी नसली तर शंका घेण्याचे कारण नाही. पहिले तीन-चार दिवस ओढ बसल्यासारखे दुखते, गोळ्यांनी ते आटोक्यात राहते. शुद्धीवर आल्यापासून थोडे थोडे चालणे आवश्यक असते, त्यामुळे पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. सुमारे सहा आठवडे तारा नसलेली, समोरून उघडणारी आधार-ब्रा रात्रंदिवस घालावी लागते आणि उताणे झोपावे लागते. बैठे काम करणाऱ्या स्त्रिया एक-दोन आठवड्यांत कामावर परततात. घरकामाचे मात्र तसे नाही. भरलेली बादली किंवा गॅसचा सिलिंडर उचलणे, दांडीवर कपडे वाळत घालणे, मोठ्या घाण्याची कणीक मळणे, लहान मुलाला कडेवर घेणे, लोकलच्या गर्दीत हात वर करून कडी धरणे, ही सगळी कामे छातीचे स्नायू आणि ताजे टाके ताणतात. ती चार ते सहा आठवडे दुसऱ्या कोणीतरी करावी लागतात. आपल्या घरांत अडचण इथेच येते. सासर-माहेरच्या माणसांना तारीख ठरवण्यापूर्वीच कल्पना देऊन कामांची वाटणी करून ठेवावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे, कारण चौथ्या दिवशी ‘आता बरी दिसतेस’ म्हणून ओट्यापाशी उभी केलेली बाई हमखास जखम उघडून घेते.

सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात, तिथली जखम उशिरा भरणे. तिथे त्वचेवर ताण सर्वाधिक आणि रक्त सर्वांत कमी असते. नियमित ड्रेसिंगने ती सहसा काही आठवड्यांत भरून येते. याखेरीज जंतुसंसर्ग, आत रक्त साचणे, चरबीचा काही भाग मरून कडक गाठ होणे, दोन्ही बाजूंत थोडा फरक राहणे, आणि अगदी क्वचित स्तनाग्राचा काही भाग निकामी होणे, हे धोके असतात. मधुमेह, लठ्ठपणा आणि तंबाखू यांमुळे ते वाढतात. पहिल्या दिवसांत एका बाजूचा स्तन झपाट्याने फुगून टणक झाला, स्तनाग्र निळे-काळे पडू लागले, ताप किंवा पू आला, पोटरी दुखू लागली अथवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शरीराला आराम मात्र लवकर जाणवतो. मान आणि खांद्यांवरचा ताण पुष्कळ जणींना पहिल्या काही दिवसांतच सैलावलेला वाटतो, घडीतला संसर्ग थांबतो आणि व्यायाम करणे शक्य होते. समाधानाच्या मोजणीत ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जरीतील सर्वांत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक गणली जाते. सूज उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. आधी ठरवलेले ब्राचे माप नेमके मिळेल, असे आश्वासन कोणताही जबाबदार सर्जन देत नाही, कारण किती काढता येईल हे देठाच्या सुरक्षिततेवर अवलंबून असते. आपल्या सावळ्या त्वचेवर व्रण सुरुवातीला गडद आणि उठावदार दिसतात, आणि ते फिके पडून मऊ व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते. ज्यांना कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी केलॉइड, म्हणजे मूळ जखमेबाहेर वाढत जाणारा जाड व्रण, आला होता, त्यांनी ते आवर्जून सांगावे. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, आणि गरज पडल्यास इंजेक्शने, यांनी असे व्रण आटोक्यात ठेवता येतात. पुढे वजन वाढले, गरोदरपण आले किंवा संप्रेरके बदलली, तर उरलेला स्तन पुन्हा वाढू शकतो.

स्तनाग्राची संवेदना काही महिने बोथट किंवा अतितीव्र राहते आणि बहुसंख्य स्त्रियांत हळूहळू परतते, पण काहींत ती कायमची उणी राहते. अंगावर पाजण्याचे गणित देठाशीच जोडलेले आहे. स्तनाग्राखालचा ग्रंथी आणि दुग्धनलिकांचा स्तंभ अखंड राखला असेल, तर अनेक माता बाळाला पाजू शकतात, तो पूर्ण छेदला असेल, तर ही शक्यता फारच थोडी उरते. वरचे दूध जोडीला द्यावे लागेल, याचीही तयारी ठेवावी. म्हणून लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीतही, किंबहुना तिच्या बाबतीत अधिकच, हा प्रश्न आई किंवा सासूऐवजी थेट तिच्याशी बोलून ठरला पाहिजे.

खर्चाबाबत एक अडथळा ठाऊक असावा. भारतातील आरोग्य विमा योजनांत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले, तरच दाव्याचा विचार होतो. यासाठी मानदुखीवर घेतलेले उपचार, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि फिजिओथेरपीच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि पूर्वमंजुरी लेखी घ्यावी. मुंबईतील के.ई.एम., नायर, सायन आणि जे.जे. यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, तिथे खासगी रुग्णालयांच्या तुलनेत खर्च पुष्कळ कमी येतो. खासगीत जाताना शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का ते विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

शस्त्रक्रियेने स्तनांच्या कर्करोगाची तपासणी संपत नाही. आतील व्रण आणि मेलेल्या चरबीचे चुनखडीसारखे ठिपके मॅमोग्राफीत दिसतात आणि ते संशयास्पद वाटू शकतात. यासाठी ज्यांचे वय तपासणीचे आहे, त्यांनी सूज ओसरल्यावर, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्षभराने, एक नवी मॅमोग्राफी करून ती पुढच्या तुलनेसाठी ठेवावी. पुढील प्रत्येक तपासणीच्या वेळी शस्त्रक्रियेचे वर्ष, वापरलेला देठ, दोन्ही बाजूंनी काढलेले वजन आणि पॅथॉलॉजीचा अहवाल असलेला कागद रेडिओलॉजिस्टला दाखवावा. हाच कागद बाळंतपणात स्तनपानाबद्दल सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनाही लागतो, म्हणून रुग्णालयातून निघतानाच त्याची प्रत मागून घ्यावी.