टाचेचं रक्त आणि माहेरचा फोन नंबर

"किती गुणाचं बाळ, रडतच नाही!" असं कौतुक चाललेलं असताना त्या बाळाची थायरॉईड ग्रंथी कदाचित काम करत नसते. काही बाळांत ती नीट तयारच झालेली नसते, काहींत संप्रेरक बनवणाऱ्या एखाद्या विकराचा (एन्झाइमचा) आनुवंशिक दोष असतो. वारेतून आलेल्या आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकावर, सुरुवातीचे दिवस निभावतात. लक्षणं उघड दिसेपर्यंत मात्र मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. भारतात हजारेक बाळांमागे एकाला हा आजार, म्हणजे जन्मजात हायपोथायरॉईडिझम, असतो, म्हणून प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासायचं.

जाड गाळणकागदावर रक्ताचे थेंब वाळवायची ही युक्ती अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात फिनाइलकीटोनयुरिया हा चयापचयाचा जन्मजात आजार शोधायला रुळवली. जी-६-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोषही आज त्याच कार्डावरून तपासता येतो.

रक्त जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत घ्यावं. आईच्या पोटातून बाहेरच्या गारव्यात येताच बाळाचा टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉईड मंद असली की ते वाढतं) उसळतो आणि पुढच्या एकदोन दिवसांत खाली येतो. घाईने घेतलं तर धडधाकट बाळही संशयित ठरतं. दुसऱ्याच दिवशी डिस्चार्ज असेल तर निदान २४ तास तरी उलटू द्यावेत.

टाच आधी कोमट कपड्याने शेकावी. तळव्याच्या बाजूने, टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचावं. मधोमध नको, तिथे हाड जवळ असतं. सुई २ मिलिमीटरहून खोल नको. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं. आयोडीनचं औषध मुळीच लावू नये, त्यानेच टीएसएच वाढू शकतो. पहिला थेंब पुसून टाकावा. पुढचा टपोरा थेंब कागदाला एकदाच टेकवावा. तो पलीकडच्या बाजूलाही तेवढाच उमटला पाहिजे. टाच पिळली की पेशींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. थेंबावर थेंब दिला तर आकडा फुगतो. कार्ड आडवं ठेवून उन्हापासून दूर तीन-चार तास वाळवावं. पंख्याखाली किंवा हीटरजवळ वाळवायचा मोह होतो, तो टाळावा.

रिपोर्ट वाचताना हमखास होणारी एक चूक: आकडा सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) की पूर्ण रक्ताचा, हेच पाहिलं जात नाही. पूर्ण रक्ताचा आकडा सीरमच्या जवळपास निम्मा असतो. सीरमच्या हिशोबात टीएसएच ४० च्या वर असेल तर त्याच दिवशी बोलावून शिरेतलं रक्त तपासायचं.

पण बोलावणार कुणाला? बारसं झालेलं नसतं, त्यामुळे कार्डावर फक्त आईचं नाव. नंबर वडिलांचा, ते कामावर. बाळंतीण माहेरी, दुसऱ्या जिल्ह्यात. उपचार चौदा दिवसांच्या आत सुरू व्हायला हवेत, आणि त्यातले चार-पाच दिवस असे शोधाशोधीतच जातात. माझ्या मते कार्डावरचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना आजोळच्या फोनचा आहे.

औषध स्वस्त आहे. थायरॉक्सिनची गोळी, सुरुवातीला रोज वजनाच्या किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम. दोन चमच्यांमध्ये चुरून, आईच्या थोड्याशा दुधात कालवून लगेच पाजायची. बाटलीभर दुधात घातली तर तळाशी उरलेल्या दुधाबरोबर डोसही वाया जातो. लोह आणि कॅल्शियमचे थेंब तिच्याबरोबर देऊ नयेत, मध्ये काही तासांचं अंतर ठेवावं.