कॅलिफोर्नियातील शालेय निलंबन आणि ‘अवज्ञा’ या कारणाची वाटचाल

कॅलिफोर्नियातील सार्वजनिक शाळांमध्ये मुलाला कोणत्या कारणांसाठी निलंबित करता येते, याची यादी राज्याच्या शिक्षण संहितेतील कलम ४८९०० मध्ये आहे. मारामारी, शस्त्र, अमली पदार्थ, चोरी अशा बहुतेक कारणांमध्ये नेमके काय घडले हे निदान तपासून पाहता येते. ‘के’ हे उपकलम मात्र वेगळे आहे. शाळेच्या कामकाजात व्यत्यय आणणे किंवा शिक्षक व अन्य कर्मचाऱ्यांच्या वैध अधिकाराची जाणूनबुजून अवज्ञा करणे, एवढेच ते सांगते.

अवज्ञा म्हणजे काय, हा प्रश्न येथूनच सुरू झाला. मराठीत त्याला कोणी उद्धटपणा म्हणेल, कोणी उलट बोलणे, कोणी हेकटपणा, आणि मूळ तरतुदीची अडचणही नेमकी हीच होती. डोक्यावरची टोपी न काढणे, फोन बंद न करणे, गणवेश न घालणे हे सारे त्यात बसू शकत होते. एका वर्गात दुर्लक्षिले जाणारे वर्तन शेजारच्या वर्गात निलंबनास पुरे होई. २०१० च्या दशकाच्या आरंभी राज्यातील जवळपास निम्म्या निलंबनांना हेच कारण नोंदवलेले होते आणि त्यांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण त्यांच्या पटसंख्येच्या मानाने फार मोठे होते. कारण जितके मोघम, तितका पूर्वग्रहाला वाव अधिक, हे येथे नाकारता येत नाही.

‘शाळेतून काढले’ या आपल्याकडच्या शब्दप्रयोगात दोन वेगळ्या शिक्षांची सरमिसळ होते. तेथे निलंबन शाळेच्या पातळीवर होते आणि एका वेळी ते पाच शालेय दिवसांपलीकडे जात नाही. निष्कासनाचा, म्हणजे शाळेतून काढून टाकण्याचा, निर्णय मात्र स्कूल डिस्ट्रिक्टचे (एका भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे) निर्वाचित मंडळ सुनावणीनंतर घेते आणि त्याविरुद्ध काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शिक्षण मंडळाकडे दाद मागता येते. अल्पकालीन निलंबनापूर्वीही आरोप सांगून मुलाची बाजू ऐकावी, हे बंधन देशभर लागू झाले ते १९७५ मध्ये, ओहायोतील कोलंबस येथील विद्यार्थ्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिलेल्या निकालामुळे. पुढे १९९४ च्या केंद्रीय कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्यास किमान वर्षभर काढण्याची अट घातली, तिच्यात प्रकरणागणिक सवलतीची मुभा ठेवली, पण कठोर शिस्तीचे वारे त्यानंतर किरकोळ गुन्ह्यांपर्यंतही पोचले.

मे २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्कूल डिस्ट्रिक्टने अवज्ञेसाठी निलंबन करणे बंद केले. १ जानेवारी २०१५ पासून राज्यभर तिसरीपर्यंतच्या मुलांना या कारणासाठी निलंबित करण्यास आणि कोणत्याही इयत्तेतील मुलाचे केवळ या कारणासाठी निष्कासन करण्यास मनाई झाली.

मनाई पुढच्या इयत्तांना लावणारे विधेयक २०१८ मध्ये राज्यपालांनी स्वाक्षरीविना परत पाठवले. वर्गाच्या जवळ असलेल्या शिक्षक व मुख्याध्यापकांनीच शिस्तीचा निर्णय घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती आणि तीस-पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने ती वजनदार होती. तथापि या भूमिकेत एक गोष्ट मागे पडली. मनाई मुख्याध्यापकांच्या निलंबनापुरती होती. शिक्षकाला मुलास त्या दिवसापुरते व दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गाबाहेर ठेवण्याचा स्वतंत्र अधिकार आधीपासून होता आणि त्याला विधेयकाने हात लावलेला नव्हता. प्रश्न शिस्त हवी की नको हा नव्हता. घरी पाठवलेला मुलगा घरी काय करतो, आणि आई-वडील दोघेही कामावर असतील तर त्याच्याकडे कोण पाहतो, हा होता.

पुढच्या राज्यपालांनी २०१९ मध्ये तशाच विधेयकावर स्वाक्षरी केली. जुलै २०२० पासून चौथी-पाचवीसाठी मनाई कायमची आणि सहावी ते आठवीसाठी पाच वर्षांची झाली. २०२३ च्या कायद्याने ती १ जुलै २०२४ पासून सहावी ते बारावीपर्यंत नेली. या वरच्या इयत्तांसाठी तिची मुदत १ जुलै २०२९ पर्यंत आहे. उशिरा येणे वा शाळा बुडवणे यांसाठीही निलंबन करता येणार नाही, असे त्याच कायद्याने ठरवले. कर्मचाऱ्याने अवज्ञेसाठी मुलाला कार्यालयाकडे पाठवले, तर काय उपाय केले याची नोंद करून पाच कामकाजी दिवसांत त्या कर्मचाऱ्याला ते कळवणे आता शाळा प्रशासनावर बंधनकारक आहे.