पेशवे दफ्तर

मराठी राज्याच्या मध्यवर्ती कारभाराचा व हिशेबाचा कागदसंग्रह. तो पुण्यात कौन्सिल हॉलनजीकच्या पुराभिलेखागारात असून त्यातील मोडी रुमालांची (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांची) संख्या सुमारे ३९ हजार सांगितली जाते. ब्रिटिश अमदानीतील इंग्रजी फायली वेगळ्या आहेत.

आजची मांडणी मूळ दफ्तराशी कितपत जुळते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८१९च्या अहवालानुसार दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची हेळसांड होऊन बरेच कागद गहाळ झाले. पुढे १८५२च्या अकराव्या कायद्यानुसार काम करणाऱ्या इनाम कमिशनने इनामांचे (महसूलमाफ जमिनींचे) दावे तपासण्यासाठी याच कागदांचा आधार घेतला आणि वतनदारांकडून मिळालेले कागद ‘जमाव’ या विभागात बांधले. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, पागा, प्रांत अजमास ही विभागांची नावे जुन्या वळणाची आहेत. तरीही रुमालांच्या आजच्या क्रमावर महसुली चौकशीची छाप आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे एखादा कागद कोणत्या विभागात सापडला, यावरून तो मुळात कोठे तयार झाला हे ठरवताना सावधगिरी आवश्यक ठरते.

खासगी संशोधकांना दफ्तर दीर्घकाळ खुले नव्हते. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून प्रसिद्ध केलेली साधने मुख्यतः घराघरांतील दफ्तरांतून मिळवली होती. १९१०मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ते संग्रहकार्य पुढे नेले. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ सरकारी खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. या खंडांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांत राजकीय पत्रव्यवहाराला प्राधान्य मिळाले आणि जमाखर्चाचे कागद बहुतांशी मागे राहिले. गुन्हेगारीच्या दंडाच्या नोंदी, कुणबिणींची (दासींची) खरेदी, वेठ, जातींचे तंटे यांची माहिती याच कागदांत विखुरलेली असून सामाजिक इतिहासाच्या नव्या संशोधनाची खरी भिस्त त्यांवर आहे. मात्र त्यासाठी मोडी वाचता येणारे अभ्यासक हवेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी हे दफ्तर अपुरे पडते. १८७३मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा अभ्यास करणाऱ्यांना देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक सरकारी अहवालांकडे वळावे लागते; १८७७मध्ये सुरू झालेल्या ‘दीनबंधू’ या सत्यशोधक वृत्तपत्राचे आरंभीचे अंक दुर्मिळ असल्याने त्यांतील मजकूर काही वेळा त्या अहवालांतील इंग्रजी सारांशावरूनच समजतो.